गडगडी

रविवार. शाळा नाही, म्हणून व्हॅन निंबाखाली.
ड्रायव्हरची सीट उचलून ओट्यावर ठेवली,
तिच्यावर लगेच मांजर येऊन बसलं.
सीटखाली इंजिन, आणि इंजिनाच्या आजूबाजूला
वर्षभराचा फुफाटा, पेन्सिलीचा तुकडा,
वाळलेली दोन बोरं,
कुणाच्या तरी वेणीची लाल रिबीन.

चार महिने पट्टा ओरडत होता.
दारव्ह्याचा मेस्त्री म्हणाला, पट्टा बदल. बदलला.
म्हणाला, अजून ताण. ताणला.
मग बेरिंगही रडायला लागलं.

आबांना यातलं काही ऐकू येत नव्हतं.
छत्तीस वर्षं जिनात गेली,
कान तिथंच राहिले, सरकीच्या ढिगात.
त्यांनी इंजिन बंद करायला लावलं,
बोट घातलं अल्टरनेटरच्या पुलीच्या खाचेत
आणि फिरवलं, सावकाश,
ज्वारी निवडावी तसं.
"आरशासारखी झाली, बाई.
पट्टा कडा धरतच नाही, बुडाशी जाऊन बसते.
दोराचा दोष नोहे. गडगडीचा हाय."

बॅटरीची मायनस वायर सोडली.
बोल्ट ढिला केला, पट्टा उतरवला.
नट मात्र बावीसचा, आणि हट्टी:
पाना फिरवावा तर पुलीच सोबत फिरते,
भांडणात मधे पडणाऱ्या शेजारणीसारखी.
आबांनी जुना पट्टा तिच्याभोवती आवळला,
टोकं पायाखाली दाबली,
अन् म्हणाले, मार.
मी मारला.
कट्.
एवढाच आवाज. हातात कळ खांद्यापर्यंत.

पुली निघाली, आणि तिच्या मागून
ती नखाएवढी चंद्रकोर, हाफमून चावी,
जिच्याशिवाय सगळं नुसतंच फिरतं,
ती टुणकन उडाली कुटारात.

दीड तास.
मी गुडघ्यांवर, आबा चष्मा पुसत.
शेवटी फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून
अंगणभर ओढलं, शेळीसारखं.
लागलं काय काय:
तीन खिळे, एक सेफ्टीपिन,
बैलाच्या नालेचा तुकडा
(बैल विकून अकरा वर्षं झाली),
काळ्या मातीतली बारीक लोखंडी मिशी,
आणि त्या मिशीत अडकलेली चंद्रकोर.
आबांनी ती शर्टाला पुसली, जिभेवर ठेवली,
हात मोकळे व्हावेत म्हणून.

नवी पुली मुठीत मावली.
यवतमाळहून आणलेली, अजून ग्रीसचा वास,
खाचेच्या कडा बोटाला लागतील अशा.
चावी बसली, पुली बसली, वॉशर, नट.
पट्टा अंगठ्यानं दाबला, बोटभर दबला. बस.

चावी फिरवली.
डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला
आणि काहीच झालं नाही.
म्हणजे, ऐकू काहीच आलं नाही.
आबा अल्टरनेटरला हात लावून उभे.
"आता मुंग्या येत नाईत," म्हणाले
आणि आंघोळीला गेले.

सोमवारी सात वाजता पहिलं घर. दार बंद.
दुसऱ्या घरी रुचिराच्या तोंडात अजून मंजन.
मोहाच्या झाडाखाली नेहमी उभे राहणारे
तिघंही नाहीत.
हॉर्न वाजवला. लाज वाटली,
आपल्याच गावात पाहुण्यासारखी.
"ताई, गाडी बदलली काय वो?" पियूषची आई.
"आवाजच नाही आला!
तुमचं कुईं झालं की मी डबा भरतो."

चार महिने मी ज्याची माफी मागत होते
त्यावर गावाचे डबे भरत होते.

पुलाजवळ उशीर दहा मिनिटांवर गेला.
तेवढ्यात मागच्या खिडकीतून
तन्मयानं मान बाहेर काढली,
गाल फुगवले, आणि
कुईंऽऽऽऽ
हुबेहूब, चढावरचं, दुसऱ्या गियरचं.

"मान आत घे," मी ओरडले.
वस्तीवरची दोन दारं उघडली,
एक पाय बुटात, एक हातात,
पोट्टे धावत सुटले.